निफाडला पाच अंशांची धास्ती, नायगारात उणे आठची वाट

कादवाकाठ :

निफाड तालुक्यातील थंडीची बातमी दर वर्षी एकाच साच्यात येते. डिसेंबर उजाडला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले किमान तापमान छापून येते, वर द्राक्षपंढरी गारठल्याचा मथळा असतो आणि खाली शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचे छायाचित्र असते. २०१८च्या डिसेंबरअखेरीस तर पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. गेला हिवाळा मात्र आम्हा उभयतांनी बाग धाकट्या दिरांवर सोपवून मुलीकडे, कॅनडातील ओंटारिओ प्रांतात काढला. तिचे घर नायगारा द्वीपकल्पात व्हाइनलँड या गावाजवळ आहे आणि तो परिसरही द्राक्षांचाच आहे. एकाच पिकावर जगणाऱ्या दोन गावांचा हिवाळा पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की, पारा किती अंशांवर आहे यावरून थंडीची कल्पना येत नाही. घर, पीक आणि कामाची वेळ तिच्या बेताने बसवलेली आहे की नाही आणि रात्री तिच्यात उभे कोणाला राहावे लागते, हे पाहावे लागते. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तेथे खोडूनही काढावे.

आधी आपल्याकडचे सांगते. आपली वेल हिवाळ्यात विश्रांती घेत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून आपण तिच्याकडून हिवाळ्यातच फळ काढून घेतो, त्यामुळे वर्षातील सर्वांत थंड रात्री येतात तेव्हा घड वेलीवर असतात. मण्यांत पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागण्याच्या सुमारास रात्रीचे तापमान पाच-सहा अंशांवर आले, तर मण्यांची फुगवण थांबते, साखर भरायला उशीर होतो, दिवसा ऊन आणि रात्री गारठा अशा तफावतीने तयार मालाला तडे जातात आणि थॉमसनसारख्या पांढऱ्या जातींचे मणी गुलाबी पडतात. गुलाबी मण्यांचा माल निर्यातीत नाकारला जातो, म्हणून बायका दिवसचे दिवस मांडवाखाली उभ्या राहून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. (थंडीच्या बातम्यांचा एवढा प्रत्यक्ष उपयोग अन्यत्र कोठे होत असेल असे वाटत नाही.) पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा आणि जमिनीत थोडी ऊब राहावी म्हणून ठिबक सोडायचे, हे त्या दिवसांतील ठरलेले काम. गंमत अशी की शेजारच्या वावरातील गहू याच थंडीसाठी आसुसलेला असतो. थंडी टिकली तरच त्याला चांगले फुटवे येतात. हरभरा आणि कांदाही तिच्यावर खूश असतात. आमचे सासरे गव्हाचे शेतकरी होते आणि मुलांनी बाग लावल्यानंतरही डिसेंबरमध्ये आभाळ निरभ्र दिसले की त्यांचा चेहरा खुलायचा, तर त्याच आभाळाकडे पाहून मुलांचा उतरायचा.

आपल्या घराचा विचार थंडीसाठी कोणी केलेलाच नसतो. वर स्लॅब, खाली फरशी, लोखंडी खिडक्यांच्या फटींतून येणारा वारा. असे घर उन्हाळ्यात तापते आणि हिवाळ्यात बाहेरच्याइतकेच गार होते. उष्णतेची ठिकाणे दोनच, चूल आणि अंघोळीचे पाणी तापवणारा बंब. बाकी सर्व भार गोधडी, कानटोपी आणि जेवण यांच्यावर. चंपाषष्ठीला ओझरच्या खंडोबाची यात्रा भरते, त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि बाजरीची भाकरी होते. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि हरभरा, घेवडा, गाजर, वांगी घालून केलेली मिसळीची भाजी होते. बाजरी, तीळ आणि गूळ हे आपले खरे हीटर आहेत असे मी मुलीला नेहमी सांगत असे, आणि तिच्या घरी गेल्यावर खऱ्या हीटरखाली बसून तेच पुन्हा सांगितले.

मात्र हे सर्व घरातल्यांसाठी झाले. शेतीपंपांना पुष्कळ ठिकाणी आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज मिळते, त्या रात्रीच्या पाळीत गव्हाला किंवा कांद्याला पाणी भरायला जाणारा माणूस घोटाभर गार पाण्यात, हातात बॅटरी घेऊन, उसातून बिबट्या येईल या धास्तीत उभा असतो. आमच्या तालुक्यात ही धास्ती काल्पनिक नाही. घरात पाच अंश असले तरी गोधडी असते, त्याच्या वाट्याला तीही नसते.

आता तिकडचे. आम्ही पोहोचलो तेव्हा बाहेर उणे १२ अंश होते आणि घरात २१. तळघरातील गॅसवर चालणारी भट्टी प्रत्येक खोलीत उबदार हवा सोडते आणि माणसे घरात अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून वावरतात. आमच्या यजमानांनी पहिल्याच दिवशी स्वेटर काढून ठेवला आणि आपण आयुष्यात एवढे उबदार हिवाळ्यात कधीच झोपलो नव्हतो असे जाहीर केले. या उबेची किंमतही असते. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकातून रक्त येते, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसतो. रात्री खोलीत वाफ सोडणारे यंत्र लावावे लागते. खिडक्या महिनोन्‌महिने उघडत नाहीत, त्यामुळे फोडणीचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत घरात फिरतो आणि मिरची जास्त तडतडली तर छताला लावलेला धुराचा भोंगा बोंब मारतो. डिसेंबरात पावणेआठला उजाडते आणि पावणेपाचला अंधारते. रस्त्यावर माणूस दिसत नाही. आपल्याकडे थंडीने माणसे शेकोटीपाशी एकत्र येतात, तिकडे ती घराघरांत विभागली जातात, अशी माझी पहिली समजूत झाली होती. पुढे मुलगी गावातील बर्फाच्या मैदानावर घेऊन गेली, तेव्हा सगळे गाव तेथे लोटलेले दिसले. लहान मुले हॉकी खेळत होती, आजी-आजोबा कागदी पेल्यांत कॉफी घेऊन कठड्याला टेकले होते आणि आपल्याकडे द्राक्षांच्या भावाची चालते तितक्याच तन्मयतेने पीच आणि सफरचंदाच्या भावाची चर्चा चालली होती.

बागा पाहून मात्र आमचे यजमान थबकले. एकही पान नाही. वेली पूर्ण झोपलेल्या. कलमाच्या जोडाला इजा होऊ नये म्हणून बुंध्याला मातीची भर दिलेली, आणि त्या बर्फात माणसे जाड कपडे घालून छाटणी करत होती. अशी झोपलेली वेल उणे २०च्या आसपासपर्यंत तग धरते, त्याखाली तिचे कोंब फुटणारे डोळे मरू लागतात. लेक ओंटारिओ या सरोवराचे पाणी उन्हाळ्याची उष्णता धरून ठेवते आणि दक्षिणेला असलेला उंच कडा हवा खेळती ठेवतो, म्हणूनच त्या अक्षांशावर युरोपीय द्राक्षे जगतात. काही ओळींवर मात्र जाळी पांघरलेली होती आणि आत सुरकुतलेले, गोठलेले घड लोंबत होते. ही आइसवाइनची, म्हणजे गोठलेल्या फळापासून केलेल्या गोड वाइनची द्राक्षे. हवा उणे ८ अंशांवर किंवा त्याखाली गेल्याशिवाय ती तोडताच येत नाहीत, तसा तेथील नियमच आहे. आम्ही पाच अंशांना हातपाय गाळतो आणि हे लोक उणे आठची वाट पाहत बसतात, हे ऐकून यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “आपण चुकीच्या वेळी फळ धरतो की हे?”

पिंपळगावकर :

ताई, लेख आवडला. भाऊंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे झाले तर चूक कोणाचीच नाही. आपल्याकडे वेलीला झोपवण्याइतकी थंडी कधी पडतच नाही, म्हणून छाटणी करूनच तिला एका चक्रातून दुसऱ्यात न्यावे लागते. घड पावसात सापडू नयेत आणि उन्हाळ्याच्या आत माल निघावा, यासाठी हिवाळ्यातील बहार धरणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. थंडीचा धोका पावसाच्या धोक्यापेक्षा परवडतो, म्हणून आपण तो पत्करलेला आहे.

धुराविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. धुराने बाग वाचते ही समजूत दृढ असली तरी जी काही मदत होते ती जाळाच्या उष्णतेची असते. वारा नसेल तर धूर बांधावरच रेंगाळतो आणि आपल्याला काहीतरी केल्याचे समाधान मिळते. ठिबकचा उपयोग अधिक खात्रीचा आहे, कारण ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते. मात्र पाणी उतरलेल्या बागेत ते जपून द्यावे, नाहीतर थंडीपासून वाचवलेला मणी पाण्याने तडकतो.

नायगाराकडे बागांमध्ये उंच खांबांवर मोठे पंखे असतात असे ऐकून आहे. त्यांचे काम कसे चालते, हे तेथील कोणी सांगू शकेल काय? जानेवारीतील आपल्या रात्रीही निरभ्र आणि निर्वात असतात.

लिंकनवासी :

मी नायगाराच्या याच परिसरात बरीच वर्षे राहतो. पंख्यांचे तत्त्व सोपे आहे. निरभ्र आणि शांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकते, तिला लागून असलेली हवा गार व जड होऊन खाली साचते आणि काही मीटर वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. सुमारे १० मीटर उंचीच्या खांबावरील पंखा ही वरची हवा खाली ढकलतो, त्यामुळे वेलींच्या पातळीवर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. एक पंखा साधारण १० एकरांना पुरतो. वारा असेल किंवा थंड हवेचा लोट सगळीकडून आला असेल तर वर उबदार थरच नसतो आणि पंखा निरुपयोगी ठरतो. पहाटे तो सुरू झाला की हेलिकॉप्टर उतरत असल्यासारखा आवाज येतो आणि नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यांची भांडणे हमखास होतात. निफाडमध्ये तत्त्वतः तो चालेल, पण आपल्याकडील दोन-तीन एकरांच्या तुकड्यांना एकेकट्याने परवडणार नाही.

आइसवाइनविषयी थोडी भर घालतो. नियम तापमानापुरता नाही. रसात किमान ३५ ब्रिक्स (रसातील साखर मोजण्याचे एकक) गोडी असावी लागते. खाण्याच्या द्राक्षाला आपण १६ ते १८ ब्रिक्सवर समाधान मानतो, त्याच्या ही दुप्पट झाली. फळ गोठलेले असतानाच दाबले जाते, म्हणजे पाण्याचा बर्फ आतच राहतो आणि पाकासारखा घट्ट रस तेवढा गळतो. नेहमीच्या तोडणीत जेवढा रस निघेल त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा हाती लागतो, म्हणून ती छोट्या बाटलीत आणि महाग विकली जाते. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत पक्षी, कुजवा आणि वारा यांतून जे वाचेल ते आपले. एखाद्या वर्षी पुरेशी थंडी पडायला फेब्रुवारी उजाडतो. बागायतदाराची झोप दोन्हीकडे सारखीच उडालेली असते. तुमच्याकडे पारा उतरला म्हणून, इकडे उतरला नाही म्हणून.

तुम्ही वर्णन केलेल्या उबेबाबत एक सावधगिरी सुचवतो. ती भट्टी गॅसवर पेटत असली तरी हवा फिरवायला तिला वीज लागते. २०२२च्या नाताळाच्या सुमारास लेक ईरीवरून आलेल्या हिमवादळात फोर्ट एरीकडील भागात वीज गेली आणि सरोवराचे पाणी उडून काठावरची घरे अक्षरशः बर्फाच्या कवचात गेली. अशा वेळी येथील घर काही तासांत असाहाय्य होते, आणि निफाडची गोधडीवाली व्यवस्था अधिक भरवशाची वाटू लागते.

गोधडी :

बर्फाच्या मैदानाचा उल्लेख वाचून बरे वाटले, कारण आमच्या आईवडिलांचा अनुभव त्याच्या उलट आहे. ते संगमनेर तालुक्यातून आमच्याकडे हिवाळ्यात आले आणि आल्याचा पश्चात्ताप करत राहिले. कॅनडाचा आईवडिलांसाठी असलेला सुपर व्हिसा आता एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो, त्यासाठी किमान १ लाख डॉलरचा आरोग्य विमाही घ्यावा लागतो, आणि एवढे सव्यापसव्य करून आलेला माणूस चार भिंतींत बसून राहतो. वडिलांना गाडी चालवता येत नाही, गावात बस नाही, आणि पदपथावरचा पारदर्शक बर्फ डोळ्यांना दिसत नाही. त्यावर घसरून पाठ मोडली तर विमा कंपनीशी वाद घालण्याइतके इंग्रजी त्यांच्याकडे नाही. थंडीने त्यांना त्रास दिला नाही, बिनकामाने दिला. गावी पहाटे पाचला उठून गोठ्यात जाणारा माणूस येथे दहापर्यंत खिडकीत उभा राहून बाहेर पाहत असे.

आम्ही शेवटी त्यांच्यासाठी दोन सोयी केल्या. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आणून दिले आणि आठवड्यातून दोन सकाळी त्यांना गावच्या ग्रंथालयात सोडू लागलो. ग्रंथालयात ते काय वाचत हे मला आजही नीट सांगता येणार नाही, पण तेथे एक इटलीहून आलेले वृद्ध गृहस्थ भेटत आणि दोघांच्या मोडक्या इंग्रजीतून टोमॅटोच्या लागवडीवर तासन्‌तास बोलणे होई. आईचा प्रश्न टोरांटोच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीपर्यंत सुटला नाही. हळदीकुंकवाला तिला तिच्या वयाच्या चार बायका भेटल्या आणि मग फोनवर परस्पर बोलणी सुरू झाली. ज्यांचे आईवडील प्रथमच येणार असतील त्यांनी शक्य तर त्यांना सप्टेंबरमध्ये आणावे, म्हणजे बर्फ पडण्यापूर्वी पायांखालचे रस्ते आणि शेजारचे चेहरे ओळखीचे होतात.

सातपुडा :

धाग्यात बागायतदार आले, पाहुणे आले, आईवडील आले. ज्यांच्या हातांनी तो कागद गुंडाळला जातो त्यांची थंडी अद्याप आलेली नाही. पेठ, सुरगाणा भागातून आमची आदिवासी कुटुंबे छाटणीपासून काढणीपर्यंत निफाड, दिंडोरीकडे कामाला येतात. त्यांतील पुष्कळजण बागेच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद किंवा जुना पत्रा टाकून राहतात आणि बरोबर लहान मुले असतात. ताईंनी ‘रात्री थंडीत उभे कोणाला राहावे लागते’ असा योग्य प्रश्न विचारला आहे, परंतु त्याचे उत्तर पाणी भरणाऱ्या शेतकऱ्यापाशी थांबू नये. पारा २ अंशांखाली गेल्याच्या बातमीत शेकोटीभोवती जे चेहरे दिसतात, त्यांच्यामागे घर नसते. नायगारातील मजूर कोठे झोपतात, हे लिंकनवासी सांगतील काय?

लिंकनवासी :

प्रश्न रास्त आहे. येथील फळबागांचे काम मुख्यतः मेक्सिको, जमैका आणि कॅरिबियन बेटांवरून येणाऱ्या हंगामी मजुरांवर चालते. १९६६मध्ये जमैकापासून सुरू झालेली ही सरकारी योजना आहे. वर्षात जास्तीत जास्त आठ महिने राहता येते आणि १५ डिसेंबरपर्यंत परतावे लागते. निवास मालकाने द्यायचा आणि त्याची तपासणी व्हायची, असा नियम आहे. त्या निवासांतील दाटी आणि दुरवस्था यांवर तक्रारी होतात, शिवाय परवाना एकाच मालकाशी बांधलेला असल्यामुळे तक्रार करणाऱ्याला पुढच्या वर्षी न बोलावले जाण्याची भीती असते. थोडक्यात, कडाक्याच्या थंडीत ते येथे नसतात, कारण तेव्हा त्यांची गरज नसते. आइसवाइनची तोडणी स्थानिक माणसे करतात किंवा यंत्राने होते. हे चित्र आदर्श म्हणून मी मांडत नाही, पण निवासाचा नियम कागदावर तरी आहे आणि त्यावर बोट ठेवून भांडता येते.

रांगडा कांदा :

मी लासलगावकडील आहे आणि माझे म्हणणे एकच आहे. दिवसा वीज द्या. सौर कृषी वाहिनी योजना २०१७मध्ये जाहीर झाली तेव्हापासून आम्ही दिवसाच्या विजेची वाट पाहत आहोत. काही फीडरवर, म्हणजे गावांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्यांवर, ती खरोखर आली आहे आणि तेथील लोक रात्री झोपतात, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्यांच्या फीडरवर आलेली नाही त्यांनी पंख्यांच्या चर्चेत रमण्यापेक्षा ग्रामपंचायतीचा ठराव करून सौर प्रकल्पासाठी जागेचा प्रस्ताव पाठवावा, कारण गायरान किंवा पडीक जमीन मिळत नाही या एका कारणावर अनेक गावांचे घोडे अडलेले असते. बाकी ताईंनी चंपाषष्ठीच्या भरताचे वर्णन केले, परंतु नायगारात वांगे भाजले कशावर हे सांगितले नाही. धुराचा भोंगा वाजला नाही काय?

कादवाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. सातपुडा यांनी मांडलेला मुद्दा मला टाळता येणार नाही. आमच्या बागेवर येणारी कुटुंबे गेली काही वर्षे तीच आहेत. त्यांना आम्ही पंपाची खोली आणि तिला लागून एक पत्र्याची पडवी देतो आणि ती पुरेशी नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. परत आल्यावर यजमानांनी आणि दिरांनी बांधावर विटांच्या दोन खोल्या काढण्याचा विचार सुरू केला आहे. दिरांचे म्हणणे असे की वर्षातून सहा महिने रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांवर पैसे घालण्यापेक्षा ते प्लॅस्टिकच्या आच्छादनावर घालावेत, म्हणजे बाग अवकाळी पावसापासून तरी वाचेल. घरात यावर रोज वाद चालू आहे. खोल्यांचे जोते घातले गेले आहे, त्यापुढील काम काढणीचे पैसे आल्यावर होईल.

पंख्यांबाबत लिंकनवासी यांनी दिलेली माहिती यजमानांना वाचून दाखवली. चार-पाच बागायतदारांनी मिळून एक पंखा घ्यावा असे त्यांना वाटते, परंतु खांब कोणाच्या वावरात रोवायचा येथेच बैठक मोडेल अशी माझी खात्री आहे.

भरताविषयी सांगायचे तर, विजेच्या शेगडीवर वांगे भाजले जात नाही, उकडल्यासारखे होते. जावईबापूंनी परसदारी ठेवलेले, उन्हाळ्यात मांस भाजण्याचे गॅसचे यंत्र बर्फ झटकून पेटवले, आणि कानटोपी व मुलीचा बर्फातला कोट घालून मी उणे ९ अंशांत वांगी फिरवत उभी राहिले. सालीला तेल लावून, झाकण बंद ठेवून, मोठ्या आचेवर पंधरा-वीस मिनिटांत ती उत्तम भाजली गेली. बाजरीचे पीठ भारतीय दुकानात मिळते, मात्र बहुधा जुने आणि कडवट असते. पाकीट घेण्यापूर्वी दळल्याची तारीख पाहावी, आणि शक्य असेल तर आख्खी बाजरी घेऊन घरच्या मिक्सरवर थोडी थोडी दळावी.